नाकांची मापं

११ नोव्हें. १९६८
संपादकांनी कुहीकडच्या एका गावी पिटाळलं. सोबत रंजना मेश्राम. मानववंशशास्त्राची संशोधक, वडील कामठीला हातमागावर, घर बौद्ध. काम: एकाच गावातल्या निरनिराळ्या जातींची नाकं-डोकी पोलादी चिमट्यानं मोजणं. जातींचे वंशच वेगळे, हे तिच्या प्राध्यापकांचं जुनं मत. तिला ते तपासायचंय. आम्ही न्यायशास्त्र शिकलो ते डोंगरावरच्या धुरावरून अग्नी सांगण्यापुरतं. ही डोंगर चढून चूल बघणारी.

१२ नोव्हें.
पाटलांची ओसरी. पाटलांनी आधी दोघांची आडनावं विचारून घेतली. मग तोंड पुढे. "मोजा बाई. पन असं नाक तुमाले पुऱ्या तालुक्यात भेटनार नाही."
रं.: "तेच तं पाहून राहिली मी, पाटील. हलू नका."
न्हाव्यापुढे बसावं तसे डोळे मिटून बसले. गालाला, कपाळाला, कानाला तिची बोटं. हूं की चूं नाही. मापाचं काम म्हणजे सरकारी काम.
नंतर पाणी. मला पितळी पेला. तिला वरून, ओंजळीत. म्हणजे चेहऱ्याला विटाळ नाही, पेल्याला आहे! हे कुठल्या स्मृतीत आहे, आठवेना. मी पेला नुसता धरून बसलो. म्हणाली, "प्या काका. तहान तर खरी आहे ना?"

१३ नोव्हें.
बौद्ध वस्ती. एक म्हातारी चिमट्याकडे बघत: "काहून वं पोरी, आता नाकातूनबी जात काढून राहिली का?"
"नाही वं आजी. नाकात निंगत नाही, तेच लिहाचं आहे."
"मंग लिही लवकर. माहं तं सर्दीनं सुजलं आहे."
रं. इतकी हसली की माप पुन्हा घ्यावं लागलं.

२ डिसें.
रं. रामदासपेठेत माझ्या घरी चहाला. हिशेब पुरा: दोन वस्त्यांत सांगण्याजोगा फरक नाही, त्याहून जास्त पाटील आणि त्यांच्या सख्ख्या भावात. प्राध्यापक म्हणाले, माप चुकलं, फरक यायलाच हवा, नाहीतर प्रबंधावर सही नाही. सही नाही तर पदवी नाही, कॉलेजातली नोकरीही नाही. वडिलांचे डोळे गेलेत, माग फार दिवस चालायचा नाही.
मी व्यवहार शिकवायला गेलो: "भाषा जरा मवाळ कर."
"भाषा करते काका. नाकं कशी करू?"
सरांना म्हणालीय, तुम्हीच मोजा, मी नुसती लिहून घेते. आणि ते तयार झाले! आम्ही गुरूला शंकासुद्धा हात जोडून विचारायचो. तीही बहुधा मनात.

९ डिसें.
सर स्वतः आले. दोन्ही वस्त्या उन्हात बसून मोजल्या. हे त्यांच्या बाजूनं लिहिलंच पाहिजे. आकडे तेच.
परतीच्या बसमध्ये सर आकड्यांची वही चाळत. मग रं.कडे निरखून, अगदी प्रेमळपणे: "मेश्राम, तुमचं नाक मात्र चांगलं सरळ आहे. आईकडून कुणी वरच्या...?"
मला खिडकीतून उडी टाकावीशी वाटली.
तिनं पिशवीतून चिमटा काढून त्यांच्या हातावर ठेवला. "मोजा ना सर." आवाज चढला नाही की थरथरला नाही. असा संयम आम्ही गीतेत पाठ केला, पाहिला आज. एस.टी.त.
सरांनी मोजलं नाही. चिमटा परतही दिला नाही. मांडीवर धरून नागपूरपर्यंत बाहेर बघत राहिले. स्टँडवर उतरताना एवढंच: "प्रबंध टेबलावर आहे. आज रात्री पुन्हा वाचतो. सहीचं..."
वाक्य पुरं केलं नाही.