अभयचं खातं

लडाख,
४ फेब्रुवारी २०२५

ती. माया आत्यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

फोन करायचं सोडून पत्र का, म्हणून हसू नकोस. जन्मभर पोस्टात नोकरी केलेल्या बाईला पत्राचं अप्रूप नसेल, पण तुमच्या चाळीतल्या पार्टिशनमधून फोनवरचं सगळं पलीकडे आईला ऐकू जातं. आणि हे तिनं ऐकायला नको.

इथं दुर्बिणीवर माझं बरं चाललंय. थंडीनं ओठ फुटलेत, जेवणात बटाटा एके बटाटा. आता मुद्द्याचं. अभय संगणकावर आकाशगंगा ओळखायचा, आठवतं? घरबसल्या हौशी लोकांनी करायचं काम ते. एकेक फोटो येतो. भोवऱ्यासारखी, हात फुटलेली दिसली तर सर्पिल. अंड्यासारखी गुळगुळीत असेल तर लंबवर्तुळाकार. कसलाच आकार नसेल तर अनियमित. त्या सगळ्यांच्या उत्तरांवर आम्ही पुढचं काम करतो. परवा या वर्षीची उत्तरं चाळताना एक नाव दिसलं, 'अभय परळ'. आपल्या अभयचंच खातं. जानेवारीतली उत्तरं होती, जवळजवळ रोजची.

माझ्या भावाला जाऊन दोन पावसाळे झाले, आत्या. मी खुर्ची मागे सरकवून बाहेर बर्फात जाऊन उभी राहिले. घरात त्याच्या संगणकाला कोण हात लावतं, तेवढं बघ. आईला विचारू नकोस.

तब्येतीला जप. तुझ्या मायेतली,
स्पृहा


परळ,
२१ फेब्रुवारी

चि. स्पृहास,
अनेक आशीर्वाद, जय भीम.

तुझं पत्र मिळालं तेव्हापासून माझा हात कामाला लागत नाही. बटाट्याचं ऐकून वाईट वाटलं, सुकट पाठवते, शेजाऱ्यांना वास आला तर तुझं तू बघ.

आधी इकडचं सांगते. चाळ रिकामी करायची नोटीस लागली. आमच्या मजल्यावरची निम्मी बिऱ्हाडं वडाळ्याच्या तात्पुरत्या इमारतीत गेली, दारं काढून नेलीत, रात्रंदिवस नुसती भोकं दिसतात. आम्हा सगळ्यांना एप्रिलपर्यंत जायचंय. पण चंपा वहिनी हलायला तयार नाही. मी कारण विचारलं. मग पोळी लाटता लाटता म्हणाली की अभय येतो. बालवाडीतली खिचडी उरकून ती तिसऱ्या प्रहरी घरी येते, संगणकावरची धूळ पुसायला पडदा उजळवते, तर त्यावरचा ओळखलेल्या आकाशगंगांचा आकडा आदल्या दिवसापेक्षा वाढलेला असतो. तो इथंच येतो, वडाळ्याचा पत्ता त्याला कोण सांगणार, असं म्हणाली. सरळ आवाजात, मीठ संपलंय म्हणावं तसं.

भुताखेतांवर आपल्या घरात कुणी कधी विश्वास ठेवला नाही. तुझ्या आज्यानं तेच तर शिकवलं. तरीही तुला सांगते, दुपारी वहिनी बालवाडीत असते, तुझे पप्पा शिवाजी पार्कला बेस्टच्या जुन्या मित्रांकडे असतात, खोलीत कुणी नसतं. आणि पार्टिशनच्या पलीकडून टक्‌ आवाज येतो. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टक्‌. मला आधी पाल वाटली होती.

माझी उठून बघायची हिंमत झाली नाही. रागावू नकोस.

तुझी आठवण काढणारी,
आत्या


लडाख,
१० मार्च

ती. आत्यास,
जय भीम.

सुकट पोचली. साऱ्या मुक्कामात वास आहे आणि माझ्याशी सगळे फार गोड वागतायत.

तुझं पत्र वाचून मी एक काम केलं, ते बहुतेक करायला नको होतं. अभयच्या हयातीतली उत्तरं आणि आताची, दोन्ही शेजारी ठेवली. काही आकाशगंगा थाळीसारख्या चपट्या असतात, पण त्यांना हात नसतात. त्यांना आम्ही भिंगाकृती म्हणतो. अभय त्यांना कायम सर्पिल म्हणायचा. माझ्याशी भांडायचा, म्हणायचा की हात आहेत गं, अंधारात आहेत, तुला दिसत नाहीत एवढंच. आताची उत्तरंही तशीच आहेत. तीच चूक, तेवढाच हट्ट. सांडलेल्या साखरेसारखे विरळ तारकागुच्छ मध्येच दिसले तर तो वाकडी टिप्पणी लिहायचा, तशीच टिप्पणीही आहे. खात्यामागे माणूस बदललाय का, हे तपासायची आमची एक पद्धत आहे. तिच्या हिशेबी माणूस तोच आहे.

मी शास्त्र शिकलेली मुलगी, आत्या. पण गेले काही दिवस मी पाठीमागे कुणी उभं असल्यासारखी बसते.

मी एक शब्द टाकला तर ते खातं बंद होईल. आकडा थांबेल, मग आई निघेल कदाचित. की त्यानं ती खचेल? मला ठरवता येत नाही. तू एकदा ते दार उघड.

धीर देत राहा,
स्पृहा


परळ,
२८ मार्च

चि. स्पृहास,
आशीर्वाद.

उघडलं.

दुपारी टक्‌ झालं तशी उठले. दार नुसतं ओढून घेतलं होतं. ढकललं तर संगणकासमोर, माझ्याकडे पाठ करून अभय बसला होता. त्याचा तो निळा टी-शर्ट, तीच पुढे काढलेली मान. माझ्या तोंडून त्याचं नाव निघालं. मग त्यानं वळून बघितलं आणि ते आपले दादा होते, तुझे पप्पा.

इतके दिवस ते पार्कात गेलेच नव्हते. वहिनी गेली की जिन्यावरून परत यायचे. मी खाली बसले, त्यांनीच मला पाणी दिलं. म्हणाले, डेपोतून सुटून आलो की त्याच्यामागे स्टुलावर बसायचो, तो बडबडायचा, मी ऐकायचो. त्याचं काय चुकतं ते तेव्हा कळत नव्हतं, आताही कळत नाही. तो जे म्हणाला असता तेच मी दाबतो, तेच लिहितो. मग मी वहिनीचं सांगितलं. ती आकड्यावर जगतेय आणि त्यापायी घर सोडत नाही, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांचा चेहरा असा झाला की मला सांगितल्याचा पश्चात्ताप झाला. फक्त एवढंच म्हणाले,

"म्हणजे मी तिला फसवत होतो?"

तिला मीच सांगेन, तुम्ही कुणी मध्ये पडू नका, असं म्हणून टी-शर्ट बदलून बाहेर गेले. तू ते खातं बंद करू नकोस. निदान आत्ताच नको.

तुझीच,
आत्या


वडाळा,
२० एप्रिल

चि. स्पृहा,
जय भीम.

मी कधी पत्र लिहीत नाही, तुला माहीत आहे. गावी काही कळवायचं असलं तर तेही माया लिहायची. चुकलं तर समजून घे.

तुझ्या आईला सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. ताट सारून उठली आणि कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, मी पोराला दुसऱ्यांदा मारलं. एक दिवस सकाळी बघतो तर तिनं भांडी पोत्यात भरायला घेतली होती. संगणक मात्र तिनं कुणाला उचलू दिला नाही. टेम्पोत वडाळ्यापर्यंत मांडीवर घेऊन बसली.

इथं उंच मजला आहे. खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात आणि पलीकडे मिठागरांची जमीन. भिंती जाड आहेत, मायाची खोली शेजारी असून तिचा खोकला ऐकू येत नाही, करमत नाही.

नेट आल्यावर मी संगणकाला हात लावला नाही. तीच म्हणाली, लावा. माझ्याशेजारी बसली. इतकी वर्षं मी त्याच्या मागे का नाही बसले, असं एकदा म्हणाली, तेवढंच. मग मी एकेक दाखवत गेलो. ही भोवऱ्याची, ही अंड्याची. एका चित्राच्या कडेला ताऱ्यांचा गच्च गोळा होता. त्याला गोलाकार तारकागुच्छ म्हणतात, लाखो तारे एकमेकांना धरून असतात, जन्मापासून एकत्र, असं अभयनं सांगितलेलं मी तिला सांगितलं. ती बराच वेळ त्याकडेच बघत राहिली.

मग दोन आकाशगंगा एकमेकींत शिरलेल्या असं एक चित्र आलं. एक म्हणावी की दोन, मला कळेना. तो काय म्हणाला असता, तेही आठवेना. असं पहिल्यांदाच झालं. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, त्याला विचारा.

आम्ही थांबलो. दिवा लावायचा राहिला होता, खोलीत काळोख झाला होता. मी तुला खोटं सांगणार नाही, खांद्याशी कुणी वाकलं असेल तर ते मला वळून बघायचं नव्हतं. तीही वळली नाही. मग तिनं हात पुढे केला आणि एक बटण दाबलं.

काय दाबलं ते मी बघितलं नाही. तुला तिथून दिसत असेल. तूही बघू नकोस.

तिकडे उबेत राहा, वेळेवर जेव, आमच्यावरचा जीव कमी करू नको.

तुझे,
पप्पा