वीज गेल्यानंतरचा भाग

नाशिक,
६ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप उज्वलाकाकूस,
साक्षीचा वाकून नमस्कार.

चार दिवसांसाठी आईकडे नाशिकला आले आहे. तिचे गुडघे बरे आहेत, तोंडही नेहमीसारखं चालू आहे. सायखेड्यात द्राक्षांची छाटणी उरकली असेल. हे पत्र घरी यायला निघालेल्या तुझ्या लेकीच्या, संध्याच्या हाती देते आहे. टपालानं आलं तर काका आधी उघडतील, आणि फोनवर तू दोन वाक्यांत "घे, काकांशी बोल" म्हणून मोकळी होतेस.

मी लिहिलेल्या मालिका तू बघतेस, असं संध्या म्हणाली. बघताना हसतेस का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आपला गुरुवार आठवतो? साडेसातच्या आत भाकरी-भाजी आवरून सगळं घर घरमालक आणि भाडेकरूंच्या त्या विनोदी मालिकेपुढं बसायचं आणि ऐन रंगात लोडशेडिंग. आम्ही पोरं रडकुंडीला यायचो. मग अंधारातून तुझ्या सटाण्याच्या बोलीत घरमालक गरजायचा, "कोन शे रे तठे?" आणि उरलेला भाग तूच पुरा करायचीस, सगळ्यांचे आवाज काढून. खरा शेवट दुसऱ्या दिवशी शाळेत कळायचा, तो अगदीच मिळमिळीत असायचा. मी वहीत तुझाच लिहून ठेवायचे. मी लेखक झाले ती त्या वहीत.

हळूहळू तुझा घरमालक काकांसारखा वागायला लागला. साहेबांचा फोन आला की ताडकन उभा राहायचा, टोपी सारखी करायचा, "जी साहेब, जी साहेब" आणि फोन ठेवताच बायकोवर पाण्यासाठी खेकसायचा. आम्ही हसून लोळायचो.

आत्याच्या साखरपुड्यात मी पाहुण्यांपुढं तेच करून दाखवलं. नऊ वर्षांची होते. पाहुणे पोट धरून हसले. "लय हुशार पोरगी हाय!" कोणीतरी म्हणालं.

काकू, पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. काका हसत नव्हते, हे मला दिसलं होतं. पण हशा ओसरायला लागला होता आणि मला आणखी एक हवा होता. म्हणून मी म्हणाले, "काकू तर याहून भारी करते, काकांच्या पाठीमागं उभी राहून!" त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा तो.

सकाळी तुझा गाल सुजला होता. दाढ दुखते म्हणालीस. गुरुवारी वीज गेली, आम्ही वाट बघत बसलो. "माले काम शे. जाय, अभ्यास कर," एवढंच. त्यानंतर कधीच नाही.

आणि आता नव्या मालिकेत मी तोच फोनवाला माणूस लिहिला. सगळे खूश. दिग्दर्शकानं विचारलं, कुठून सुचलं? मी म्हटलं, "असंच." नको तिथं तुझं नाव सांगितलं आणि सांगायचं तिथं गिळलं. लाज वाटते.

सायखेड्यात तो माणूस पहिल्याच भागात ओळखला गेला असता. काल मी तो काढून टाकला. दिग्दर्शक चिडलेत, काम राहीलसं वाटत नाही. त्याचं मला काही नाही. काकांचा हात अजून उठतो का, हे मी वीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. आज विचारते. उत्तर लिहायला नको. संध्या रविवारी इकडे नाशिकला परत येईल, तिच्यासोबत नुसती निघून ये. चार दिवस किंवा कायमची.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्या दोन्हींत मी तुला हसवायला बघत होते. फाडली.

तेव्हा गप्प बसायला हवी होती ती,
साक्षी