पांगाऱ्याचं कुंपण

बुधवार संध्याकाळ, रोहा

परीक्षा संपल्यावर आज पुन्हा निडी गावात गेले. माझ्या रिसर्चमधला एकच पांगारा निरोगी उरला होता. बाकी सगळ्यांच्या पानांत त्या परदेशी माशीने गाठी केल्यात. आणि त्याच्याच शेजारी तिथल्या सखूमावशीने तिच्या वालाभोवती नवं कुंपण घातलंय. आजारी पांगाऱ्याच्या फांद्या रोवून!

"तूच बोललीस ना गो, रोगट फांद्या तोडा? मग टाकू कशाला? पांगारा रोवला की जगतो."

"मावशी, आतली माशीपण जगते. उपटून जाळूया?"

"नि बकऱ्या तू हाकशील व्हय?"

'तोडा' म्हणाले तेव्हाच 'जाळा' का नाही बोलले मी? एवढा एकच शब्द.

निघताना निरोगी झाडाचं कोवळं पान चाचपलं. गाठ लागली.

मावशी मागून ओरडली, "बरा हाय ना गो तुझा पांगारा?"

मी हो म्हणून आले. का?