खडूस धातू आणि एक्केचाळीस मिनिटं

३ तारीख, सोमवार

परत सोललं! सात मिनिटांत कटरवरचं कोटिंग पापुद्र्यासारखं निघालं आणि टोक जळून गेलं. हा निकेलचा धातू — आम्ही त्याला 'खडूस'च म्हणतो — कापला जात नाही, उलट कापणाऱ्यालाच खातो. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "चौदा तारखेपर्यंत एका कटरने तीस मिनिटं काढून दाखवा. नाहीतर तुमची कोटिंगची भट्टी बंद. टूल बाहेरून मागवू."

माझी भट्टी! नऊ वर्षं सांभाळतेय मी तिला. बंद कशी होते तेच बघते.

४, मंगळवार

तापमान वाढवलं. आठ मिनिटं.

५, बुधवार

तापमान कमी केलं. सहा! घरी येऊन नवऱ्यावर उगाच खेकसले. तो बिचारा नुसता चहा हवाय का विचारत होता.

७, शुक्रवार

काहीतरी विचित्र घडलंय. मिलिंगवाले राजे (नाव नव्हे, रुबाबच तसा आहे) पाच कटर जाळून बसले होते. सहावा लावला. दहा मिनिटं — चालू. वीस — चालू! राजे म्हणाले, "ताई, घड्याळ बंद पडलंय का बघा जरा."

चौतीस मिनिटं!! एकाच भट्टीतले, एकाच ताटातले, एकाच दिवशीचे सहा जण. मग हाच एक शहाणा कसा निघाला?

८, शनिवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

त्याच खेपेतले उरलेले कटर एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. दोघांची कड किंचित गोल, बाकीच्यांची ब्लेडसारखी. ते दोन राजेंना दिले — तेहतीस आणि पस्तीस! म्हणजे अति धारदार कडेवर कोटिंगला पाय रोवायला जागाच नसते. कड जरा मोडली की घट्ट बसतं. मी आठवडाभर भट्टीला शिव्या घालत होते आणि तिचा काही दोषच नाही.

१०, सोमवार

दादाशी वाजलं. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. वापरलेले कटर घासून त्यांना परत धार लावणारा इथे तोच. मला या कारखान्यात आणलं, शिकवलं, तेही त्यानेच.

म्हटलं, "घासून झालं की कडेवरून ब्रश फिरवायचा. थोडी गोल करायची."

"तीस वर्षं धार लावली, आता तू मला बोथट करायला शिकवतेस?"

"अरे, पण जे तीन चालले ते तुझ्याच हातचे होते! त्यांची कड बोथटच होती."

"शक्यच नाही. बोथट कड दिव्याखाली चमकते. चमक गेल्याशिवाय मी कटर खाली ठेवत नाही."

दुपारी डबाही एकट्याने खाल्ला. बावन्नाव्या वर्षी रुसतोय!

११, मंगळवार

ब्रश मीच फिरवला. बारा कटर. मग भट्टी.

१४, शुक्रवार

एक्केचाळीस मिनिटं!!!

साहेब मशीनसमोर हाताची घडी घालून उभे. तिसाव्या मिनिटाला घडी सुटली. पस्तिसाव्याला म्हणाले, "अजून?" राजे म्हणाले, "साहेब, खुर्ची आणू का?" सगळे खो खो हसले. कटर काढला तर जांभळट काळं कोटिंग जसंच्या तसं! भट्टी राहणार. शिवाय दुसरी मागवणार म्हणे! मी राजेंना टाळी दिली, शिट्टीसुद्धा वाजवली. खडूसची जिरवली! इतका आनंद मला परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

१५, शनिवार

दादाला सांगायला गेले की साहेबांपाशी तुझंही नाव घेणार, सुरुवात तुझ्याच कटरांनी झाली. त्याने नुकताच घासलेला एक कटर 'झाले'च्या ताटात ठेवला होता. कड चांगली लख्ख चमकत होती. मला दारातूनच दिसली.

"दादा, यावर चमक आहे की."

त्याने तो उचलला. दिव्याखाली धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. मग हळूच विचारलं, "कुठे?"

सोमवारी डोळ्यांचे डॉक्टर. रजा दोघांची टाकली.