गोदूच्या हातची पेज

प्रिय राही,

फोन करायचा सोडून दादाच्या हाती खेडला चिठ्ठी पाठवतेय, तुला नवल वाटेल. पण मी फोन कानाला लावला की आजी भिंतीला चिकटून बसते. मी पोलिसांना खबर देतेय असं तिला वाटतं. राही, मी फार घाबरलेय गं.

झालं काय, सोमवारी एक हवालदार घरी आला. पोरगेलासाच, गोड बोलणारा. पंधरा ऑगस्टला स्वातंत्र्यसैनिक म्हणून आजीचा सत्कार आहे, त्याचं निमंत्रण घेऊन. दारात त्याने तिला कडक सॅल्यूट ठोकला आणि मी मूर्खासारखी फोटो काढत बसले. हल्ली काळाचं भान सुटलेल्या आजीने मात्र फक्त खाकी बघितली. तेव्हापासून तिने तोंडात घास घेतलेला नाही.

तुला ती गोष्ट पाठ आहे. बेचाळीस साली मिरकरवाड्यातून मासळीच्या पाट्यांत पत्रकं लपवून नेणाऱ्या दोघी, तुझी गोदूआजी आणि माझी. माझी सापडली. तुरुंगात पोलिसांनी जोडीदारणीचं नाव सांग म्हणून दरडावलं, तर हिने अन्नच सोडलं. लहानपणी आपण तो खेळ खेळायचो आणि दर वेळी पोलीस तूच व्हायचीस, दांडगट कुठली! किती शूर वाटायची आजी. ती किती घाबरली असेल, हे आपल्या डोक्यातही आलं नव्हतं. आता बघतेय. भांडं पडलं तरी ती कोपऱ्यात सरकते, पण ओठ घट्ट मिटलेले.

काल ताट घेऊन गेले तर हळूच म्हणाली, “तू आपल्यातली ना गो? मग त्यांची चाकरी कशाला करतेस?” माझ्याच आजीची मी जेलर झालेय. मोरीत जाऊन रडले.

डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात हलवा. अनोळखी माणसांनी उचलून गाडीत घातलं, तर भीतीनेच ती वाटेत जाईल.

सुटून आल्यावर तिने पहिला घास घेतला तो गोदूआजीच्या हातच्या पेजेचा, आठवतं ना? गोदूआजी जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण तुझा चेहरा तिचाच, आणि ते नाकातलं बोलणंही. म्हणून तुला लिहितेय. तिचं लुगडं तू जपून ठेवलंयस, ते नेसून दादाबरोबरच निघ. पेज मी करून ठेवते. तू फक्त भरव, आणि तिला सांग, गोदू सापडली नाही. आणि इंग्रज गेले.

तुझीच भित्री,
दर्शना