दोन तुकड्यांमधला अंधार

६ जानेवारी

पुन्हा सांध्यानेच घात केला!

कागदावर वस्तू सोपी आहे. हातभर लांबीचे एलईडीचे तुकडे. एकाचं टोक दुसऱ्यात खुपसलं की दिवा लांबतो, तिसरा जोडला की आणखी लांबतो. वायरमन नको, पेचकस नको, कोणीही जोडावं. गेलं वर्षभर मी यातच बुडालेय. आज कारखान्यात पहिली लांबलचक रेघ भिंतीवर लावून बटण दाबलं. उजेड झकास! आणि दर सांध्यापाशी एक काळा पट्टा. कारण उघड आहे. तुकड्याच्या टोकाला जोडायच्या पिना बसवल्यात, त्यामुळे तिथे एलईडीला जागाच उरत नाही. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, मी तो दोन दिव्यांच्या मध्येही करून दाखवला.

साहेब म्हणाले, बोटभर काळं कोण बघतंय? त्यांचं माहितीपत्रक छापूनही झालंय, त्यावर मोठ्या अक्षरांत 'अखंड उजेड'. आधी कळस मग पाया, हा त्यांचा जुना खाक्या.

८ जानेवारी

दादाचा फोन. आईसाठी त्याने एक संस्था बघून ठेवलीय. स्वच्छ आहे, बाग आहे, नर्स आहेत. महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवणार आहेत म्हणे. मी नाही म्हटलं. त्यावर म्हणाला, "ती आपली आपण बाथरूमला जाते का? एवढंच सांग."

नाही जात. तोच तर वांधा आहे. आईची खोली घराच्या एका टोकाला, बाहेरचं दार दुसऱ्या टोकाला, मध्ये अरुंद बोळ आणि बोळाच्या निम्म्यावर बाथरूम. बोळाला खिडकी नाही. छताचा दिवा लावला की फरशी चमकते आणि आईला ते पाणी वाटतं, कपडे गुडघ्यापर्यंत उचलून धरून उभी राहते. दिवा बंद ठेवला तर भिंतीवर आदळते. मध्यंतरी पडलीच. तेव्हापासून खोलीतून निघतच नाही. मग चादर, गादी, आरडाओरडा. दिवसा तिला सांभाळायला येणाऱ्या बाई परवाच म्हणाल्या, असंच चालणार असेल तर दुसरं कोणी बघा.

उंटावरून शेळ्या हाकायला दादाचं काय जातंय! पण प्रश्न त्याने नेमका विचारला. राग त्याचाच आला.

९ जानेवारी

सुचलंय! उजेड वरून नकोच. भिंतीला, जमिनीपासून वीतभर वर लावायचा. फरशीलगत सरपटत जाणारा उजेड. चमकणार नाही, आणि पाऊल कुठे पडतंय ते दिसेल. कारखान्यात नमुन्याचे तुकडे धूळ खात पडलेत, तेच घरी आणते.

आई मला हल्ली 'ताई' म्हणते. मी तिची मोठी बहीण आहे असं तिला वाटतं. मावशी जाऊन कितीतरी वर्षं झाली. पूर्वी मी चूक सुधारायची, आता मुकाट्याने ओ देते.

११ जानेवारी

लावले. तिच्या खोलीच्या उंबऱ्यापासून बाथरूमच्या दारापर्यंत. अर्धा दिवस गेला आणि एक नख मोडलं.

आई दारात आली. खाली उजेड बघून चक्क हसली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि पहिल्या सांध्यापाशी थांबली. पाय पुढे करायची, मागे घ्यायची. चल म्हटलं, तर म्हणाली, "ताई, खड्डा आहे." मला वाटलं, नेहमीचंच काहीतरी. दंडाला धरून ओढलं. ती किंचाळली. शेवटी तिथेच उभ्या उभ्या... जाऊ दे. लिहवत नाही.

१२ जानेवारी

आजही थांबली. आजही चादर धुतली.

१४ जानेवारी

आज बोळात फरशीला गाल लावून आडवी झाले. बाईंना वाटलं मला चक्कर आली, त्या पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. त्यांना कसं सांगू, मी दिव्यांची परीक्षा घेतेय म्हणून!

पण तिथून दिसलं. उभं राहून बघताना बोटभर वाटणारा काळा पट्टा फरशीवर उतरला की पसरतो, चांगला पाऊलभर रुंद होतो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवा. दर सांध्याला एक. डॉक्टर मागे म्हणाले होते, काळी पायपुसणी काढून टाका, तिला ती जमिनीतली भोकं वाटतील. पायपुसणी मी इमानेइतबारे काढली. आणि मग स्वतःच्या हातांनी बोळभर खड्डे खणून ठेवले.

म्हणजे ती खरंच सांगत होती, आणि मी तिला खड्ड्यात ओढत होते! बाईंच्या समोर रडले. बाईंनी तांब्या पुढे केला.

१७ जानेवारी

साहेबांना गाठलं. पिना एलईडीच्या पट्टीच्या पाठीमागे न्यायच्या, म्हणजे एलईडी थेट कडेपर्यंत बसतील, असं चित्र काढून दाखवलं. ते म्हणाले, साचा बनून आलाय, आता त्यात केसभरही फरक होणार नाही. मग मी आईचं सांगितलं. कारखान्यात घरचं रडगाणं गायचं नाही असं ठरवलं होतं, पण सांगितलं. त्यांनी चित्राची घडी घालून माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, "वाईट वाटतं. पण साचा बदलत नाही." निदान खोटं तरी बोलले नाहीत.

मग आमच्या फिटरकडे गेले. त्याला सगळे थंडोबा म्हणतात, कारण आग लागली तरी हा आधी चहा संपवेल. त्याच्याकडे पदर पसरला. तुकड्यांची टोकं कापून पिना मागे घ्यायच्या, सगळं हाताने, आणि तेही साहेबांचा डोळा चुकवून. बघू म्हणाला. त्याचं 'बघू' म्हणजे हो की नाही, हे अजून कोणालाच कळलेलं नाही.

१९ जानेवारी

थंडोबाचं 'बघू' म्हणजे हो!

२१ जानेवारी

नवे तुकडे लावले. संध्याकाळी आई न थांबता बाथरूमच्या दारापर्यंत गेली. मी श्वास रोखून मागे उभी. परत येताना म्हणाली, "आज रस्ता बरा केलाय." माझ्या कामाचं इतकं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं.

२२ जानेवारी

सकाळी पुन्हा थांबली. जिथे काल नाचत गेली, तिथेच!

फरशीला गाल. पट्टा परत आलाय, बारीक आहे, पण आहे. संध्याकाळी नव्हता. म्हणजे मला वेड लागलंय, नाहीतर दिव्यांना.

दादाचा फोन त्याच वेळी यायचा होता. मी त्याला सांध्याबद्दल सांगायला लागले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू दिवा दुरुस्त करतेयस. आई दुरुस्त होणार नाहीये." मी फोन ठेवला. आजार माझ्या हातात नाही. तिला माझं नाव आठवत नाही, तेही माझ्या हातात नाही. एक सांधा आहे हातात, तर तोसुद्धा सकाळ-संध्याकाळ रंग बदलतो!

२४ जानेवारी

सापडलं! रात्री दिवे मंद ठेवते, तेव्हा ते तापत नाहीत. पहाटेच्या गारठ्यात दुधी प्लॅस्टिकचं कव्हर आकसतं, खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीपेक्षा बरंच जास्त, आणि दोन कव्हरांमध्ये फट पडते. संध्याकाळी दिवे तापलेले असतात, फट मिटते. शाळकरी पोराला कळावं असं, आणि मला दोन दिवस लागले. हात टेकले स्वतःपुढे.

उपाय एकच. प्रत्येक कव्हरला पुढे जीभ काढायची, ती शेजारच्या कव्हरच्या खाली सरकून बसेल. आकसलं तरी फट उघडी पडणार नाही. थंडोबा म्हणाला, बघू.

२७ जानेवारी

सकाळी गेली. दुपारी गेली. संध्याकाळीही गेली. एकटी! मी स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी वाजवत बसले, म्हणजे मी बघतेय असं तिला वाटू नये. बाथरूमचं दार लागल्याचा आवाज आला आणि मला एकदम भरून आलं. मेलं, त्या आवाजात रडण्यासारखं काय होतं!

साहेबांना नमुना नेऊन दाखवला. जिभेकडे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, साचा बदलायला हवा, मी पहिल्यापासून म्हणत होतो. म्हणोत. आज त्यांना सगळं माफ आहे.

जास्तीचे तुकडे उरले होते. रेघ बाथरूमपाशी भिंतीच्या मध्येच तुटलेली दिसायची, डोळ्याला खुपायची. अर्धवट काम मला बघवत नाही. जोडत गेले आणि थेट बाहेरच्या दारापर्यंत नेली. आता बोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा. कुठे डाग नाही, कुठे सांधा नाही. दारापाशी उभी राहून कितीतरी वेळ बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट मनासारखी झाली.

२८ जानेवारी

दादाला सांगितलं, जागा सोडून दे. पुन्हा एकदा विचार कर म्हणाला. मी म्हटलं, ये आणि डोळ्यांनी बघ. मग म्हणाला, बरं, तू जिंकलीस. चेष्टेच्या सुरात नाही म्हणाला. त्याने लगेच संस्थेला तसं कळवलंही.

२९ जानेवारी

गादी कोरडी. चादर कोरडी. बाई म्हणाल्या, आता दुसरं कोणी बघू नका. आज मी कारखान्यात गाणं गुणगुणत होते, असं थंडोबाचं म्हणणं आहे.

३१ जानेवारी

काल दिवेलागणीला आई निघून गेली. बाई कचरा टाकायला खाली गेल्या होत्या, दार नुसतं लोटलेलं. बाथरूमवरून पुढे, दारातून बाहेर, जिना उतरून, दिवे लागलेल्या दुकानांच्या रांगेने सरळ. मोठ्या रस्त्यावर रिक्षाने उडवली तेव्हा लोकांनी उचलली. खुबा मोडलाय. आता ती चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

एवढ्या लांब कशाला गेलीस, असं विचारलं. औषधाच्या गुंगीत होती, पण अगदी समजुतीने सांगत होती. "उजेड कुठे संपलाच नाही गं ताई. मग थांबायचं कुठे?"

दादा आलाय. ती जागा परत मिळते का बघ, असं मीच त्याला म्हटलं.