हर्षालीच्या लग्नात माईक माझ्या हातात

अहो,

तुमच्या बहिणीच्या लग्नाला अखेर डीजे मिळाला, तोही इतरांच्या निम्म्या भावात. मखमलाबादला एका वरातीत उभं राहून मी स्वतः ऐकलाय, आवाज झकास आहे. फक्त शाल-नारळासाठी पाहुण्यांची नावं माईकवर पुकारायला तो वेगळा माणूस देत नाही, म्हणून स्वस्त. नावं मीच पुकारेन म्हणाले.

आता त्याला बयाणा द्यायला चाललेय. वरण-भात कुकरमध्ये आहे.

नावांची यादी फ्रिजवर ठेवलीय. वाचा, पण तिला पेन लावू नका. आपल्या लग्नात तुमच्या कळवणच्या आत्याबाईंनी पेन लावला होता. माझ्या मावशीचं नाव खोडलं, म्हणे सख्खी आई थोडीच आहे! मला लहानाचं मोठं केलेली बाई नामपूरहून नवं लुगडं नेसून आली होती. शेवटचा नारळ संपेपर्यंत पदर सावरून बसली. आणि तुम्ही काय म्हणालात? "राहिलं असेल चुकून."

आत्याबाईंना अगदी पुढची खुर्ची द्या. पदर सावरून बसू देत. शेवटी विचारलंच, तर तुम्हीच सांगा, राहिलं असेल चुकून.

योगिता